कालचं खरं

सासूला कुशीवर वळवायचं म्हणजे दोन माणसांचं काम. नवरा खांद्याला धरायचा, ती कमरेखाली हात घालायची, आणि त्याने "हं" म्हटलं की दोघं एकदम उचलायची. वळवलं की पाठ दिसायची. कमरेच्या जरा वर, मणक्याला लागून जखम होती. आधी नुसता लाल डाग होता, मग कातडी सोलली. आता जखमेला कडा आल्या होत्या.

"आज काय म्हणतेय?" सासू भिंतीकडे तोंड करून विचारायची. जणू पाठ शेजारणीची आणि ही नुसती चौकशी करतेय.

"बरी आहे."

"बरी असती तर तू श्वास रोखून बोलली नसतीस, सूनबाई."

अर्धं अंग गेलं होतं, पण जीभ शाबूत होती. नर्स येऊन सांगून गेली होती, रोज धुवा, साबण लावून, भरपूर कोमट पाण्याने. नुसतं फडक्याने पुसून भागायचं नाही. पाणी कुठून आणायचं, तेवढं सांगायचं राहिलं होतं.

त्या वर्षी पावसाने पाठच फिरवली होती. गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते, आणि तळाला भेगा. टँकर यायचा तेव्हा यायचा. घागरी, डबे, तुटके टब रांगेत लावून बायका सावलीत बसायच्या आणि टँकरचा आवाज आला की एकमेकींच्या अंगावर धावायच्या. घरात आलेलं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला जेमतेम पुरायचं. नवरा विहिरी बांधणारा गवंडी. ज्या हातांनी विहिरींच्या गोल भिंती उचलल्या, ते हात आता बोलावणं आलं तर रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. बोलावणं नाही आलं तर तो ओट्यावर बसून बोटांच्या भेगांतली माती काडीने काढत राहायचा. घर तिच्या नोकरीवर चाललं होतं.

ती शाळेत दुसरीला शिकवायची. सगळं गाव तिला बाई म्हणायचं. नोकरी कायमची नव्हती. दरवर्षी हेडमास्तरांनी कागदावर सही केली की पुढचं वर्ष मिळायचं. घर शाळेच्या भिंतीला लागून होतं, म्हणून शाळेच्या पाण्याच्या टाकीची किल्लीही तिच्याकडेच होती. ती टाकी मुलांसाठी वेगळी भरली जायची. किल्ली तिने दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती.

दुसरीच्या वर्गात एक गोष्ट तिने आपल्या मनाने सुरू केली होती. रोज सकाळी पहिल्या तासाला पाट्या काढायच्या आणि काल काय झालं ते लिहायचं. बाकीच्या वर्गांत फळ्यावरचं उतरवून घेत. तिच्या वर्गात फळा कोरा असायचा.

"शेजारच्याचं बघायचं नाही," ती सांगायची. "आपलं स्वतःचं लिहायचं. काय पाहिलं, कोण काय म्हणालं. अक्षर चुकलं तर चुकू दे, थांबायचं नाही. पण लिहायचं खरं."

पहिले काही दिवस पोरं पेन्सिली चावत बसली. कुणी "काल मी जेवलो" लिहिलं, तर ती विचारायची, "कुणाशेजारी बसून जेवलास? तो काय बोलत होता?" मग हळूहळू पाट्या भरायला लागल्या. दूधवाल्याचा ढब्बू लिहायचा, "काल मी झोपलो. मग उठलो. बाबा ओरडला म्हणुन परत झोपलो." एका पोरीने लिहिलं, "काका काकुला म्हणाला तु म्हैस आहेस. काकु म्हणाली म्हैस दुध तरी देते, तुम्ही काय देता." वाचून दाखवल्यावर वर्ग असा हसला की हेडमास्तर दारात आले.

"बाई, लोकांच्या घरातलं चव्हाट्यावर कशाला?"

"सर, ती लिहायला लागलीत."

"लिहू द्या ना. पण गाईवर लिहा, झाडावर लिहा. काका-काकूला कशाला मध्ये घेता?"

ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी फळा पुन्हा कोराच ठेवला.

तिची स्वतःची मुलगी त्याच वर्गात होती. अक्षर इतकं बारीक काढायची की तिला सगळे मुंगी म्हणत. सगळ्या वर्गाच्या पाट्या बोलायला लागल्या, पण मुंगीची पाटी काही तोंड उघडेना. "काल ऊन होतं." "काल वारा होता." संपलं. बाई तिच्याशेजारी वाकून उभी राहायची. "आणखी?" मुंगी मान हलवायची. लोकांच्या पोरांना बोलतं करावं आणि आपलीच पोर मुकी, हे बाईच्या मनाला लागायचं.

एका दुपारी, शाळा सुटल्यावर, दूधवाला मागच्या दाराशी आला. हातात रिकामी बादली.

"बाई, अर्धी द्या. वासरू उठत नाहीये."

"दादा, घरात तांब्याभर आहे."

"घरातलं कोण मागतंय? टाकीतलं म्हणतोय मी."

"ते मुलांचं आहे."

"मग माझ्या ढब्बूच्या वाटणीचं द्या. तो आज पिणार नाही, उद्याही नाही. घरून पिऊन येईल."

"असं नाही करता येत हो. आज तुम्हाला दिलं, उद्या सगळं गाव बादल्या घेऊन उभं राहील. मग पोरांना काय देऊ?"

दूधवाल्याने तिच्या गळ्यातल्या किल्लीकडे पाहिलं. "माझ्या दारचं दूध प्यायलंय तुमचं घर, बाई," एवढं म्हणाला आणि गेला.

तिला वाईट वाटलं, पण आपलं चुकलं असं वाटलं नाही. रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. तो जेवत राहिला. नंतर म्हणाला, "अर्धी बादलीच मागत होता."

दोन दिवसांनी दूधवाल्याने वासरू पायाला दोरी बांधून शाळेच्या भिंतीजवळून ओढत नेलं. मुलं खिडकीत गोळा झाली. दुसऱ्या दिवशी ढब्बूच्या पाटीवर होतं, "वासरु मेलं. ते माझं होतं. बाबा म्हणाला इतक्यात नाव ठेऊ नको म्हणुन नाव नव्हतं." त्याने ते वाचून दाखवलं आणि खाली बसला. वर्गात कुणी हसलं नाही. बाईने त्याच्या पाटीवर ऱ्हस्वदीर्घ काही सुधारलं नाही, नुसती पाटी परत दिली. परत देताना तिचा हात क्षणभर पाटीवरच राहिला.

त्याच आठवड्यात सासूची पाठ वळवली तेव्हा जखमेत काहीतरी हललं. नवऱ्याने पाहिलं, तिने पाहिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"काय झालं?" सासूने विचारलं. "गप्प का झालात?"

नवऱ्याने चिमट्याने ती अळी काढली आणि बाहेर जाऊन पायाखाली चिरडली. मग बराच वेळ पाय जमिनीवर घासत राहिला.

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आधी तिने गळ्यातली किल्ली काढली. घागर घेतली. मुंगी मागे आली, तिच्या हातात लहान घागर. "तू कशाला?" असं म्हणावंसं तिला वाटलं, पण दोन घागरी एकीपेक्षा बऱ्या. टाकीचं झाकण उघडताना लोखंड करकरलं आणि तिने मागे वळून पाहिलं. पाणी गार होतं. मुंगीने त्यात कोपरापर्यंत हात बुडवला आणि तसाच ठेवला.

"चल लवकर."

पाणी कुठलं, हे नवऱ्याने विचारलं नाही. त्याने चूल पेटवली, पाणी तापवलं, हात घालून कढत तर नाही ना ते पाहिलं. दोघांनी म्हातारीला उचलून मोरीत पाटावर बसवलं. नवऱ्याने मागून धरलं, बाईने पाठीवर हळूहळू पाणी सोडलं. आधी मळकट, मग तांबूस आणि शेवटी स्वच्छ पाणी वाहिलं. मुंगीने आजीच्या डोक्याला साबण लावला. विरळ केस, त्यांत बोटं फिरवत ती फेस करत होती. म्हातारीने डोळे मिटले होते. बऱ्याच महिन्यांनी तिच्या अंगावरून पाणी जात होतं. ती हसायला लागली. एकाच बाजूने, कारण दुसरी बाजू हलत नव्हती.

"आता मी नवी झाले बघ," ती मुंगीला म्हणाली. "आता लग्न लावून द्या माझं."

असं आठवडाभर चाललं. जखमेचा वास गेला. कडांना गुलाबी रंग यायला लागला. बाई टाकीत काठी घालून पाहायची, पोरांना कमी पडत नाहीये ना. पडत नव्हतं. दूधवाला समोरून दिसला की ती दुसऱ्या बोळाने जायची.

आणि मग एका सकाळी मुंगीची पाटी भरलेली दिसली. वरपासून खालपर्यंत, बारीक ओळी. आनंदात बाईने ती आधी वाचलीही नाही. "आज मुंगी वाचेल," ती म्हणाली.

मुंगी उभी राहिली. पाटी दोन्ही हातांनी तोंडासमोर धरली.

"काल मी आणि आईने शाळेच्या टाकीतून पाणी आणलं. मी लहान घागर घेतली. बाबांनी पाणी तापवलं. आजीला आंघोळ घातली. आजी रोज म्हणते मी नवी झाले. मी म्हणाले रोज कशी नवी होतेस. ती म्हणाली रोज जुनी होते म्हणून. तिच्या केसांना साबणाचा वास येतो. मी तिथे नाक ठेवून झोपले."

लिहावं तर असं, हे बाईच्या मनात पहिल्यांदा आलं. वर्षभर ती हेच तर मागत होती. मग तिला ढब्बू दिसला. तो मुंगीकडे बघत नव्हता. तिच्याकडे, बाईकडे बघत होता.

"पूस ते," ती म्हणाली.

"चुकलं?"

"हो."

मुंगीने पाटी फिरवून पाहिली. "कुठे?"

"अक्षर फार बारीक आहे. कुणाला वाचता येतं का ते? पूस."

मुंगीने तळहाताने पाटी पुसली. आधी साबण पुसला गेला, मग आजी, मग घागर.

दुपारच्या सुट्टीनंतर दूधवाला आला. मागे दहाबारा माणसं. हेडमास्तरांच्या खोलीत मावेनात म्हणून सगळे व्हरांड्यात उभे राहिले. दूधवाला ओरडला नाही. त्याचा आवाज बसलेला होता.

"सर, कुंपणच शेत खायला लागलं तर आम्ही कुणाकडे बघायचं? माझं वासरू पाण्यावाचून गेलं. हिने मला दारातून परत पाठवलं. पोरांचं पाणी म्हणाली. आणि हिच्याकडे रोज आंघोळी! हिच्याच पोरीने पाटीवर लिहिलंय."

हेडमास्तरांनी बाईकडे पाहिलं. "बाई, काय प्रकार आहे?"

खरं सांगायचं असतं तर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तिची जीभ उचललीही. पण समोर हेडमास्तरांचं टेबल होतं आणि त्यांच्या खिशाला पेन होतं. घरी चार तोंडं होती. आणि या सगळ्या माणसांसमोर जखमेतल्या अळीची गोष्ट सांगायची होती.

"पोरगी लहान आहे," ती म्हणाली. "तिला गोष्टी रचायची सवय आहे."

"बोलवा तिला," कुणीतरी म्हणालं.

मुंगी आली. एवढी माणसं बघून भिंतीला चिकटली.

"बाळ," हेडमास्तर वाकून म्हणाले, "तू ते मनाने लिहिलंस ना? गंमत म्हणून?"

मुंगीने आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे.

"बाईंनी सांगितलं होतं," मुंगी म्हणाली, "खरं लिहायचं म्हणून."

कुणीतरी मागे हसलं. आणि बाईचा हात उठला. आवाज व्हरांडाभर झाला. मुंगी रडली नाही, नुसती गालाला हात लावून उभी राहिली. "मनाचं लिहून वर तोंड चालवतेस?" बाईला आपलाच आवाज कुणा दुसऱ्या बाईचा वाटला.

त्या थपडेनेच निकाल लागला. माणसं चुळबुळायला लागली. "जाऊ द्या, लेकराला मारू नका," एक म्हातारा म्हणाला. पोरीला मारलं म्हणजे पोर खोटी असणारच, असं सगळ्यांना सोयीने वाटलं.

फक्त दूधवाला हलला नाही. "बाई, आत्ता तुमच्या घरी येऊन म्हातारीचे केस हुंगतो. साबणाचा वास आला नाही तर तुमच्या पाया पडेन."

"ए, काय बोलतोस!" दोघातिघांनी त्याला मागे ओढलं. "आजारी बाईमाणूस आहे. लाज आहे का?" आणि शेवटी त्या व्हरांड्यात मान खाली घालायची वेळ आली ती त्याच्यावर.

संशय नको म्हणून हेडमास्तरांनी टाकीची किल्ली काढून घेतली आणि शिपायाकडे दिली.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. नवरा ओट्यावर होता.

"पोरीला मारलंस?"

"मग काय करू? सगळ्यांना सांगू? पाणी तुम्हीच तापवत होतात ना?"

"हो," तो म्हणाला. "मीच तापवत होतो." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दोघांनाही.

आत सासूने सगळं ऐकलं होतं. रात्री वळवायला गेले तर तिने चांगल्या हाताने खाटेची पट्टी घट्ट धरली.

"मला हात लावू नका."

"आई, जखम पुसायची आहे."

"राहू दे. माझ्या पाठीपायी पोरीचं तोंड फोडलंत. मी नव्हतं सांगितलं चोरून आणा म्हणून. पण अंगावर घेतलं, हसले, हे माझंच चुकलं."

त्यानंतर ती वळू देईना. झोप लागली की दोघं हळूच उचलायची, तरी ती जागी व्हायची आणि पट्टी धरायची. मुंगीचा हात मात्र चालायचा. मुंगी शाळेतून आली की वाटीभर पाण्यात फडकं भिजवून आजीचं कपाळ पुसायची. तेवढंच. पाठीपर्यंत तिची ताकद पोचायची नाही. वास परत आला.

चारेक दिवसांनी बाई हेडमास्तरांच्या खोलीत गेली. ते जेवून हात धूत होते. शिपाई तांब्याने पाणी ओतत होता आणि हेडमास्तर एकेक बोट निवांत चोळत होते.

"सर, माझी मुलगी खोटं नव्हती बोलली."

हेडमास्तरांनी शिपायाला बाहेर पाठवलं. हात पुसले. "बसा."

ती उभीच राहिली.

"मला माहीत नव्हतं का? टाकी मी रोज बघतो. पण आजाऱ्यासाठी नेलंत, म्हटलं नेऊ द्या. माझ्या घरी काय, आता शिपाई दोन घागरी टाकतोच. गावात कोण धुतल्या तांदळाचा आहे?"

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी तुम्ही शहाणपणाने वागलात. मी वर लिहून कळवलंय की मुलीने कल्पनेने लिहिलं होतं, चौकशी केली, तथ्य नाही. आता तुम्ही खरं बोलणार म्हणजे मी खोटा ठरणार. तुमची सही मी करायची, आणि तुम्ही मला खोटं पाडणार?" ते हसले. "आणि एक सांगतो. ते तुमचं रोजचं लेखन बंद करू नका. अक्षर सुधारतं म्हणून साहेबांना आवडलंय. इतर वर्गांतही सुरू करू म्हणतात. फक्त विषय आपण द्यायचा."

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर विषय यायला लागला. 'माझी शाळा.' 'झाडांचे उपयोग.' 'पाणी हेच जीवन,' हा हेडमास्तरांनी स्वतः दिला. पोरं लिहायची. काय लिहायचं ते आधी बाई सांगायची, मग पोरं ते उतरवायची. अक्षरं गोल झाली, ओळी सरळ झाल्या. आईने सांगितल्यावरून मुंगीने अक्षर मोठं केलं. खेळात तिला कुणी घेत नव्हतं. ती आली की पोरं "खोटारडी, खोटारडी" म्हणत पळायची, आणि तीही जणू तो खेळच आहे अशा चेहऱ्याने उभी राहायची.

म्हातारी पाऊस येण्याआधीच गेली. पहाटे नवऱ्याने हात लावला तर अंग गार होतं. चांगला हात खाटेच्या पट्टीवरच होता, बोटं सोडवावी लागली.

मग दारात पाणी आलं. कुणी घागर आणली, कुणी कळशी. ज्यांच्या घरात भांडी दोनदा धुतली जात नव्हती त्यांनीही आणलं. मेलेल्या माणसाला आंघोळीवाचून कोण पाठवणार? शिपायाने टाकीतल्या दोन बादल्या आणल्या, हेडमास्तरांनी पाठवल्या म्हणाला. शेवटी दूधवाला आला. त्याने दुधाच्या कॅनमधून पाणी आणलं होतं. कॅन उंबऱ्याशी ठेवला, बाईकडे न बघता गवंड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि जाऊन माणसांत उभा राहिला.

म्हातारीला त्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत आंघोळ मिळाली. पाणी उरलं. उरलेलं कुणी परत नेईना आणि घरात वापरवेना. संध्याकाळी नवऱ्याने ते वाळल्या कुंपणाच्या बुडाशी ओतून टाकलं.

रजा मिळण्यासारखी नोकरी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती मुंगीला घेऊन शाळेत निघाली. रस्ता तो केवढा, भिंतीला वळसा घातला की शाळा. त्या वळणावर ती थांबली आणि मुंगीसमोर खाली बसली.

"मुंगे, तू खरं लिहिलं होतंस."

"मला माहीत आहे," मुंगी म्हणाली.

"मी खोटं बोलले."

"तेपण माहीत आहे." मुंगीने दप्तर खांद्यावर सारखं केलं. "घंटा होईल."

वर्गात तिने खडू उचलला. विषय ठरला होता, 'स्वच्छतेचे महत्त्व'. तिने फळ्याकडे पाहिलं आणि खडू परत ठेवला. दार लावून घेतलं.

"आज विषय नाही," ती म्हणाली. "पूर्वीसारखं लिहा. काल काय झालं ते. जसं झालं तसं. कुणी रागावणार नाही."

पोरांनी कोऱ्या फळ्याकडे पाहिलं.

"बाई, काय लिहायचं ते सांगा ना," पुढच्या बाकावरची एकजण म्हणाली.

"मी नाही सांगणार. तुम्ही लिहा."

थोडा वेळ पेन्सिलींचा आवाज झाला. ती एकेका पाटीवर वाकत गेली. 'काल आम्ही सर्व जेवलो व झोपलो.' 'काल मी अभ्यास केला.' काका-काकूचं भांडण वाचून दाखवणाऱ्या पोरीने लिहिलं होतं, 'माझे काका व काकू चांगले आहेत.' ढब्बूने लिहिलं होतं, 'गाय हा उपयुक्त प्राणी आहे.'

मुंगीची पाटी शेवटी होती. अक्षर मोठं, टपोरं, ओळ पट्टीने आखल्यासारखी सरळ.

'काल काही झालं नाही.'

बाईने ते दोनदा वाचलं. मुंगी हात मांडीवर ठेवून वाट बघत होती, तपासून झालं की पाटी पुसायची म्हणून. चूक एकही नव्हती. बाईने कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि पाटी तिच्या हातात दिली.